घोट्यातली तार आणि अंगणातला तंबू

माझ्या पाठची बहीण कालिपा हिला,

सगळ्यांच्या आधी आल्या त्या बुरुलचा वन्सं, आणि त्याही फाटकापासूनच छाती पिटत, ‘माझा भाऊ गेला गं, माझा कडा कोसळला गं’ असं ओरडत. त्यांच्या मागे त्यांच्या आळीतल्या बायका, बायकांच्या मागे काठ्या टेकत पुरुष, आणि पुरुषांच्या मागे दोरीला बांधलेली एक काळी मेंढी. सगळ्या घोळक्यात तेवढी एकटीच शांत होती. (म्हातारा जिवंत आहे, घाबरू नकोस. हे लिहितेय तेव्हा माझ्या समोर बसून चहात सुकं दही विरघळवतोय आणि मी काय लिहितेय म्हणून माना वेळावून बघतोय. त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा मी लपवलाय.)

पण मी भलतीकडूनच सुरुवात केली. आधी रीतीचं लिहिते. तुला, तुझ्या लेकीसुनांना आणि गोठ्यातल्या मुक्या जिवांना या थोरल्या बहिणीचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? लाल गाय व्याली का? कोचकोरला बर्फ वितळलं असेल, तुम्ही खालचे लोक नशीबवान. इकडे आम्ही खुदाच्या मेहेरबानीने सगळे मजेत आहोत. म्हणजे म्हातारा मजेत नाही, दोन शेळ्या थंडीने गेल्या, सरपण संपत आलंय, आभाळ जे महिनाभर डोक्यावर बसलंय ते उठायचं नाव घेत नाही आणि सूनबाईंचं तोंड त्या आभाळासारखं झालंय. ते सोडलं तर मजेत. आणि मी तर इतकी आनंदात आहे की गावात तोंड लपवून हिंडते, कारण ज्या बाईचा नवरा आजारी आहे तिने हसणं बरं दिसत नाही.

फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे मशिदीच्या भोंग्यावर बोलणं. म्हणून पत्र. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, शाळेत चार हिवाळे गेले ते पण शेकोटीजवळ जागा मिळायची म्हणून. कुठे काना राहिला असेल तिथे तू घालून घे. आणि हे पत्र एकटीने वाच. वाचून झालं की चुलीत घाल.

तर कालिपा, विषय तोच. आपल्या दोघींना आईकडून एकेक चांदीचं कंकण आलं आणि एकेक फुटकी पिशवी आली. कंकणं आपण सगळ्यांना दाखवली. पिशवीचं तू मला कधी बोलली नाहीस आणि मी तुला नाही. पण लग्नाकार्यात सगळे तुला वरच्या मानाच्या जागी ओढत असतात आणि तू हट्टाने दाराशी, चपलाबुटांजवळ बसतेस, ते काही विनयामुळे नाही, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मीही दुसऱ्या बाजूच्या चपलांजवळच बसलेली असते.

गेल्या पानगळीत आमच्या शेजारची कादिचा गेली. मला बोलावणं आलं, कारण आमच्या खोऱ्यात विलाप गावा तर तो मीच, हे तू जाणतेस (गर्व म्हणून सांगत नाही, बाकीच्या जणी फार बेसूर आहेत). अंगणातल्या तंबूत मयताजवळ बसले, दाराकडे पाठ केली, पहिलं कडवं असं उचललं की बाहेरचे पुरुष खरोखर रडायला लागले. आणि दुसऱ्या कडव्याला पोटातल्या पिशवीकडून निरोप आला, ऊठ. उठले. बर्फात धावत अंगणाच्या टोकाला. परत आले, बसले, गायले, परत निरोप. एकदा तर रडणाऱ्या पुरुषांच्या रांगेतून अशी सुसाट गेले की एका म्हाताऱ्याची काठी उडाली. आणि एकदा, कालिपा, मी वेळेत पोचले नाही. काळा घागरा होता म्हणून लाज राहिली. आणि लोक काय म्हणाले असतील? म्हणाले, काय ही माया! शेजारणीचं दुःख बाईला बसून सहनच होईना! हिवाळाभर माझं नाव निघालं त्या मायेसाठी. घरी येऊन मी लोकरीच्या नमद्यात तोंड खुपसून रडले, तेव्हा मात्र कादिचासाठी एक थेंबही नव्हता. सगळे माझ्यासाठी.

त्याच सुमाराला म्हाताऱ्याला नारीनला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. छातीचा फोटो काढला. खाणीतला कोळसा त्याने जन्मभर बाहेर काढला असं आम्ही समजत होतो, पण बराचसा आत भरून आणलाय. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, गवत कापणीपर्यंत काढली तरी पुष्कळ. म्हाताऱ्याचे कान काही कोळशाने भरलेले नाहीत. परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, ‘मग यंदा विळ्यांना धार लावायला नको. तेवढं काम वाचलं.’

आणि मी खिडकीबाहेर बघत काय विचार करत होते, सांगू? तू हसशील. इतकी वर्षं संसार केला, तो माणूस जायला निघालाय आणि मी विचार करतेय की मी बसू कशी. मयत तंबूत दोन दोन दिवस असतं. लांबून सोयरे येतात. दर वेळी बाहेर पुरुषांचा हंबरडा उठला की आत विधवेने विलाप उचलायचा, तोंड भिंतीकडे, केस मोकळे, जागचं हलायचं नाही. त्याला मी आयुष्यात दुसरं काय दिलंय? हुंड्यात आणलेले नमदे कसरीने खाल्ले, दोन मुलं मातीत गेली, एक राहिला तो बायकोच्या ऐकण्यातला. शेवटचं एक देणं माझ्या गळ्यात आहे, तर खालून गळती. आणि मी मध्येच उठून धावले तर बुरुलचा वन्सं मरेपर्यंत सांगत फिरतील की भावाच्या मयताजवळ ही बया टेकली नाही. त्या रात्रीपासून झोप उडाली. म्हणजे झोप तशीही येत नव्हतीच, दर घटकेला उठावं लागायचं, पण आता मधल्या वेळातलीही गेली.

मग मी धीर केला. घरी सांगितलं दात बसवायला नारीनला जाते, आणि त्याच दवाखान्यातल्या बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आलतिनाय तिचं नाव, आपल्या नातीच्या वयाची, बाहेरदेशी शिकून आलेली, पण चहा विचारणारी. मी अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आजी, गुडघे राहू देत, तुम्ही आल्यापासून तीनदा दरवाजाकडे का बघितलंत?’ मग मी सगळं ओकले. तिने तपासलं, लघवीची बाटली तपासायला पाठवली, साध्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी माझं तोंड वाळवंट झालं आणि पिशवी होती तशीच. तेव्हा ती म्हणाली, पायाला सुई लावू या.

मी म्हटलं पोरी, गळतंय कुठे आणि तू ठिगळ लावतेस कुठे! तर ती म्हणाली, घोट्याच्या आतल्या बाजूने एक नस जाते, तिचं मूळ कमरेखाली मणक्यात जिथे आहे तिथूनच पिशवीलाही तारा जातात. पायाच्या नसेला हळूहळू वीज दिली की वरच्या त्या वेड्या तारा शांत होतात. आठवड्यातून एकदा यायचं, अर्धा तास बसायचं, असं दोन-तीन महिने. मी समजले. म्हणजे फोन लावायचा पायाला आणि उचलायचा पिशवीने. (आपल्या गावच्या पोस्टात पूर्वी असंच होतं. एकाला लावला की दुसऱ्याच्या घरी वाजायचा.) सुई केसासारखी बारीक, मेंढपाळाला डास चावतो त्याहून कमी. मग सुईला जोडलेल्या विजेच्या डबीचं चाक फिरवलं आणि माझ्या पायाचा अंगठा, कालिपा, आपला आपण वाकला! मी त्याला काही सांगितलं नव्हतं. कोंबडीचा पाय कापल्यावर आपण शीर ओढून नाचवायचो ना, तसा. तळव्याला मुंग्या. मी आधी खुदाचं नाव घेतलं आणि मग हसायलाच लागले. खूप महिन्यांनी हसले.

मग ती पोरगी तशाच सरळ आवाजात म्हणाली, ‘आणि आजी, नवऱ्याजवळ कसं आहे?’ मी म्हटलं खोकतो. ती म्हणाली, ‘ते नाही, तुम्हां दोघांचं.’ मी अशी लाल झाले की तिला वाटलं वीज जास्त झाली, तिने चाक मागे फिरवलं. म्हणाली, लाजू नका, विचारावंच लागतं. भीतीने बायका नवऱ्यापासून लांब होतात. शिवाय त्या भागाच्या नसा जवळजवळच्या आहेत, त्यामुळे काही बायकांना पिशवीबरोबर तिकडचंही बरं वाटायला लागतं, अंगात परत जाग येते. सगळ्यांना येत नाही, का येते तेही अजून शोधतायत, तेव्हा मी वचन देत नाही. मी म्हटलं बाई, तू पिशवीचं बघ, ते दुकान आमचं केव्हाच बंद झालं. खोटं नव्हतं. कधी भिजेल या भीतीने मी वेगळी गादी घातली, किती वर्षं झाली. त्याला वाटलं त्याच्या खोकल्यामुळे. मी तसंच वाटू दिलं.

पहिले चार-पाच आठवडे काहीही फरक नाही. गाडी घाटात अडकायची, आभाळ ढुंगणासारखं, मी जाऊन अंगठा नाचवून परत. घरी म्हातारा रक्ताचं थुंकायला लागला होता. बुरुलचा वन्सं विचारायच्या, ‘वहिनी, दर आठवड्याला नारीन, दात तर तेच जुने दिसतात गं?’ मी सांगितलं मापं घेतायत. ‘एवढी मापं? दात बसवतायत की घोडा?’ मला वाटायला लागलं की सोडून द्यावं, आपल्या नशिबात चपलांजवळचीच जागा. आणि मग एका सकाळी जागी झाले तर खिडकीत उजेड. मला कळेना काय झालंय. कोणी मेलं की काय असं वाटलं. मग लक्षात आलं की मी रात्रभर झोपले होते, फक्त एकदाच उठून. कालिपा, मी अंथरुणात पडूनच नमाजाचे शब्द म्हटले, खुदाला काय म्हणायचं ते म्हणो.

आता पुढचं लिहायला मला शाईची लाज वाटते, पण तू बहीण आहेस. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. एक दिवस म्हातारा शेगडीजवळ सदरा बदलत होता. पाठ काय राहिलीय, नुसत्या फासळ्या, खाणीतला निळा डाग खांद्यावर. आणि मला ती पाठ बघून ओठात मुंग्या आल्या, तळव्यात नव्हे. मी उगीच जाऊन त्याला सदरा चढवायला मदत केली आणि हात तिथेच ठेवला. तो वळून म्हणाला, ‘काय हवंय? मेंढी विकायचीय?’ दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ गादी सरकवली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘अगं, डॉक्टरने तुला काही वेगळं सांगितलंय का? मी उद्याच जाणार आहे का?’ शिळ्या कढीला ऊत म्हणशील. म्हण. पण तूच सांग, आमच्या घरात ऊत यावा तरी कुठे? एक मोठी खोली, मध्ये कपाट, कपाटापलीकडे मुलगा, सून आणि लेकरं. आम्ही एकमेकांकडे बघितलं तरी पलीकडून सून खाकरते.

म्हणून मी मुलाला सांगितलं की नमद्यांना कसर लागलीय, तंबू उभारून वारा द्यायला हवा. तो म्हणाला आई, अजून बर्फ आहे, उन्हाळ्यात कुरणावर नेऊ तेव्हा देऊ. मी म्हटलं कसर उन्हाळ्याची वाट बघत नाही. (खरं तर उन्हाळ्याची वाट बघायला मला वेळ नव्हता, पण ते त्याला कसं सांगू.) तर त्याने कटकट करत अंगणात तंबू उभारला, मी आत शेगडी मांडली, वाऱ्याला आडोसा म्हणून उजव्या बाजूला पडदा बांधला, पडद्याआड गादी, एक. म्हाताऱ्याला म्हटलं, धुराने तुमचा खोकला वाढतो, तंबूत वरून धूर जातो, तिथे निजू.  आत आल्यावर त्याने पडद्याकडे बघितलं, मग एका गादीकडे बघितलं, आणि टोपी काढून खुंटीला अशी अडकवली, कालिपा, जशी लग्नाच्या दिवशी अडकवली होती.

सगळं लिहीत नाही. अर्धं खोकल्याने मोडलं, उरलेलं अर्धं हसण्याने. एवढंच सांगते की मी मध्ये उठून धावले नाही, आणि भ्याले नाही. तो माझ्या केसांत बोटं घालून म्हणाला, मला वाटलं होतं तू मला आधीच माती दिलीस. मी म्हटलं नाही हो, माझी पिशवी गळत होती. तर तो म्हणाला, ‘एवढंच? अगं बये, एवढंच?’

आता तुला काय सांगायचं, बर्फाच्या दिवसांत घर सोडून अंगणात तंबू उभा राहिला म्हणजे आपल्या लोकांत त्याचा एकच अर्थ. घरात मयत झालंय. हे मला कळायला नको होतं? पण डोक्यात दुसराच धूर होता. बुरुलचा वन्सं सकाळच्या गाडीने बाजाराला निघाल्या होत्या. वरच्या वळणावरून त्यांनी खाली बघितलं तर भावाच्या अंगणात तंबू आणि वर धूर. गाडी तिथेच थांबवली, घरोघर सांगितलं, मेंढी सोडली आणि आल्या. घरी मुलगा नाही, तो कळपाकडे. सून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. मी नुकतीच उठून तीन वाट्या चहा पिऊन परत गादीशी आले होते, केस मोकळे, डोळे झोपेने सुजलेले. बाहेर एकदम हंबरडा उठला. ‘भाऊ रे माझ्या! दादा रे!’ आपले धाकटे भावजी. (लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून मी त्यांना ‘गुणी पोर’ म्हणायला लागले. आता गुणी पोराला पणतू आहे.) त्यांच्या मागे सगळे पुरुष एका सुरात.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. ‘कोण गेलं गं?’

मी फटीतून बघितलं, मेंढी बघितली, आणि मला सगळं कळलं. म्हटलं, ‘तुम्ही.’

तो थोडा वेळ वरच्या धुराड्यातून आभाळ बघत राहिला. मी उठून बाहेर जाणार तेवढ्यात त्याने माझा घागरा धरला. म्हणाला, ‘बस. गा. परत थोडंच ऐकायला मिळणार आहे मला?’

मला नको म्हणता आलं नाही. मी पडदा ओढला, पडद्याबाहेर दाराकडे पाठ करून बसले, आणि दार उघडून वन्सं आत आल्या तेव्हा त्यांना दिसली ती केस मोकळे सोडलेली, डोळे सुजलेली बाई आणि मयतापुढे ओढतात तसा ओढलेला पडदा. सुखाच्या आणि दुःखाच्या खुणा इतक्या सारख्या असतात हे मला या वयात कळलं. मी विलाप उचलला. महिनोन्‌महिने मनात घोळवलेला होता, आपोआप आला:

डोंगराच्या पोटात शिरलास, उजेड माझ्या घरी धाडलास,
तोंड तुझं काळं झालं, ताट माझं पांढरं केलंस.
भरधाव घोडा दारात तुझ्या, वाऱ्याला मागे टाकणारा...

पडद्याआडून बारीक आवाज आला, ‘लंगडा होता.’ मी आवाज चढवला. एक घोळका झाला, दुसरा आला, बाहेर हंबरडा, आत मी. खालच्या आळीचे आले, गिरणीकडचे आले. शाळेतून सून कणकेच्या हातांनी धावत आली आणि अशी रडली, अशी रडली की मला तिच्याबद्दलचं अर्धं मत बदलावं लागलं. मी गात होते आणि आत, खोल कुठेतरी, मोजत होते की आता निरोप येईल, आता येईल. आला नाही. तीन वाट्या चहा पोटात होता, कालिपा.

मग वन्संची पाळी आली. सख्खी बहीण, तिचा मान. त्यांनी हेल काढला. आधी म्हणाल्या भाऊ सिंहासारखा होता, इथपर्यंत ठीक. मग म्हणाल्या, ‘तुझ्या तोंडाने मला म्हणालास रे, ताई, ती तपकिरी घोडी तूच ने रे, माझ्या मागे तूच ने रे.’ आणि पडदा बोलला.

‘कधी म्हणालो मी?’

काय सांगू तुला. बायका दारातून नाही, भिंतीतूनच बाहेर पडतील असं झालं. गिरणीवालीने माझ्या चहाच्या किटलीवर पाय दिला. गुणी पोर बाहेर काठीसकट खाली बसलं. वन्सं मात्र हलल्या नाहीत. ती बाई घाबरणारी नव्हे. पडदा बाजूला करून त्यांनी भावाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘मेल्या, मेला नाहीस? मग मला रडवलंस कशाला?’ आणि त्याच्या गळ्यात पडून जे रडल्या, ते मात्र घोडीसाठी नव्हतं. म्हातारा त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाला, ‘ताई, तू रडायचीस ते रडून घेतलंस, आता चहा पी.’

तेवढ्यात कबर खणायला गेलेली माणसं कुदळी घेऊन परत आली. त्यांना काही माहीतच नव्हतं. बाहेरूनच ओरडून सांगायला लागली की जमीन लोखंड झालीय, कुदळ उडते, आजोबांनी उन्हाळ्यापर्यंत थांबायला हवं होतं. म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून दारात आला आणि म्हणाला, ‘बघतो. प्रयत्न करतो.’ सगळे हसले, मीही. मग त्याला उबळ आली आणि रुमाल लाल झाला आणि सगळे एकदम आपापले बूट शोधायला लागले.

सगळे गेल्यावर मी तंबूच्या मागे जाऊन रडले. त्याच्या आजारासाठी तर होतंच, पण खरं सांगू, आनंदानेही. मी सकाळपासून एकदाही धावले नव्हते! घागरा सुका, नमदा सुका! आत आले तर तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपला. तो म्हणाला, चांगलं गातेस. घोड्याचं तेवढं खरं सांग. आणि दोन मुलांचं राहिलं, त्यांची नावं घाल. मी म्हटलं घालते. मग म्हणाला, आता मला काही काळजी नाही.

त्याला नाही. मला आहे, पण एकाच गोष्टीची, आणि ती तुझी आहे. पत्र लांबलं. तुझ्या घरच्या थोरांना सलाम, लहानांना पापा. उत्तर धाडू नकोस, सून वाचते.

तुझी थोरली बहीण,
सोनुन

ता. क. गावात कोणी विचारलं तर माझे दात बसले. मी तोंड मिटून हसते, त्यामुळे कळत नाही.

आणखी ता. क. मुख्य लिहायचं राहिलंच. विधवा एकटी बसत नाही, तिच्या उजव्या हाताला सख्खी बहीण लागते, आणि मला बहीण एकच आहे. तू येशील आणि दाराशी चपलांजवळ बसशील, मला ते चालणार नाही. मला तू माझ्याजवळ हवीस, खांद्याला खांदा लावून, शेवटपर्यंत. म्हणून मी आलतिनायला तुझं सगळं सांगितलंय (चिडू नकोस, नस दोघींची एकाच आईची) आणि येत्या मंगळवारची तुझी वेळ घेतलीय. तुला गुण येईलच असं ती म्हणत नाही. ती कोणालाच म्हणत नाही. पण महिने लागतात आणि गवत कोणासाठी थांबत नाही. लाल गाय जावयाकडे सोपव आणि निघून ये. इथे घरात जागा आहे, कपाटाच्या या बाजूला, कारण आम्ही अजून तंबूतच निजतो. आणि तुझ्या जावयाला सांग दात बसवायला जातेय.

शेवटचं. मयतासाठी आणलेलं जनावर परत नेणं अशुभ, म्हणून ती काळी मेंढी वन्सं इथेच बांधून गेल्यात. म्हातारा तिला रोज हाताने पाव भरवतो आणि विचारतो, आधी तू की मी? मौलवी म्हणाले की जिवंत माणसावर विलाप झाला, तो तंबू तसाच उभा ठेवणं बरं नाही, तो उतरवून दुवा मागायला हवी. गुणी पोर आणि वन्सं येत्या शनिवारी माणसं घेऊन तंबू उतरवायला येतो म्हणालेत. म्हातारा म्हणतो राहू दे, थोड्या दिवसांसाठी लोकांना दोनदा त्रास कशाला. मी नुसता शेगडीत गोवरीचा तुकडा घातला. पण ते शनिवारी नक्की येतो म्हणालेत, आणि मग आम्हाला परत कपाटाच्या या बाजूला यावं लागेल.